उएनोची बाजू

“मला तर सगळ्यांत खरी उएनोच वाटते,” भाची म्हणाली, बशीतले उरलेले दाणे तोंडात टाकले आणि थांबवलेला ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमा तिनं पुन्हा सुरू केला. थांबवला होता तो माझ्यासाठीच. मला खालच्या ओळी वाचायला वेळ लागतो. तिला लागत नाही. ती जपानी ऐकत ऐकत वाचते आणि वर मधूनच ‘हे नीट लिहिलेलं नाहीये’ असंही म्हणते. पडद्यावर आकाशपाळण्याचा एक डबा वर चढत होता. आत दोन मुली समोरासमोर. एकीला ऐकू येत नाही. दुसरी तिला तोंडावर सांगतेय की मला तू आवडत नाहीस, तुलाही मी आवडत नाही, तर निदान एवढं तरी मान्य करू या. मी मनातल्या मनात त्या दुसरीला, म्हणजे उएनोला, चांगलं फैलावर घेत होते. लहानपणी या बहिऱ्या मुलीला छळणाऱ्यांत हीच पुढे, मोठी झाली तरी जीभ तशीच, आणि तोरा केवढा! आणि माझ्या शेजारी सोफ्यावर पाय दुमडून बसलेली, दहावीतली, नातेवाइकांत ‘शांत मुलगी’ म्हणून नावाजलेली पोर म्हणते, हीच खरी.

तेव्हा मी काही बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. लोकलच्या दारात वारा खात उभी असताना, कणीक मळताना, रात्री दिवा मालवल्यावर, कधीही आठवायचं. उएनो खरी, मग शोको कोण? ‘अ सायलेंट व्हॉइस’मधली शोको निशिमिया, जिच्याकडे बघून मला दर पाच मिनिटांनी गहिवरून येत होतं. ती सहावीच्या वर्गात नवी येते, एक वही पुढे धरते आणि माझ्याशी यात लिहून बोला म्हणते. मुलं तिच्या कानांतली यंत्रं ओढून काढतात, खिडकीबाहेर भिरकावतात. अशी आठ यंत्रं जातात. पुढे त्या मुलांतल्या शोया इशिदाच्या आईला त्यांचे १७ लाख येन भरून द्यावे लागतात. आणि ही मुलगी हसते. माफी मागते, पुन्हा हसते. मला ते हसू दुःख गिळणाऱ्या सोशिक पोरीचं वाटत होतं. आपल्याकडे अशा पोरींचं किती कौतुक होतं! भाचीला मात्र त्या हसण्याची चीड येत होती. “एवढं झाल्यावर कुणी रागावत नाही का, मावशी? ती रागावतच नाही. मग तिच्या मनात काय आहे ते बाकीच्यांना कळणार कसं?”

मग एका रात्री मी तो सिनेमा एकटीनं पुन्हा पाहिला, आणि या वेळी शोयापेक्षा उएनोवर लक्ष ठेवून. उएनो जे बोलते ते क्रूर आहे, आणि त्यातलं बरंचसं बरोबर आहे. तिचं म्हणणं साधारण असं: तू आमच्यात आलीस, आम्हाला तुला कसं सांभाळायचं ते कळत नव्हतं, आम्ही चुकलो, पण तूही आम्हाला समजून घ्यायचा प्रयत्न केला नाहीस, नुसती माफी मागत राहिलीस. त्यावर शोको काय म्हणते, तर पुन्हा माफी. आणि मग, मी स्वतःलाच आवडत नाही. हे वाक्य मी पहिल्या वेळी नम्रपणा म्हणून ऐकलं होतं. दुसऱ्या वेळी ऐकताना अंगावर काटा आला, कारण पुढे फटाक्यांच्या आतषबाजीच्या रात्री शोको जीव द्यायला निघणार हे आता ठाऊक होतं. त्या बंद डब्यात उएनोनं तिला डिवचलं नसतं, तर हे वाक्य शोकोच्या तोंडून कधी बाहेर पडलं असतं? घरात आई आहे, आजी आहे, सावलीसारखी पाठीशी असणारी धाकटी युझुरु आहे. सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर. तरी ते वाक्य ऐकायला मिळालं उएनोला.

मला याचा राग आला. सिनेमाचा आला, उएनोचा आला, आणि थोडा भाचीचाही आला.

सिनेमातल्या त्या वर्गाच्या टोळीतल्या प्रत्येकाला मी ओळखते. कावाई तर आमच्या वर्गातच होती. वेगळ्या नावानं, दोन वेण्या आणि निळ्या रिबिनी लावून. छळात ती कधी हात घालत नाही, नुसती हसते, आणि बाई विचारायला लागल्या की सगळ्यांआधी हिच्या डोळ्यांना धार. शोया तिचं नाव घेतो तेव्हा तिला खरोखरच धक्का बसतो, हे विशेष. ती ढोंग करत नाही. आपण किती चांगल्या आहोत यावर तिचा मनापासून विश्वास आहे, आणि हा विश्वास कोणत्याही खोटेपणापेक्षा पक्का असतो. साहाराही होती आमच्याकडे. नव्या मुलीसाठी खुणांची भाषा शिकायला ती एकटीच हात वर करते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिलाच ‘फार चांगली बनायला निघालीय’ म्हणून टोमणे सुरू. काही दिवसांत ती वर्गात दिसेनाशी होते. आमच्या वर्गात खुणांची भाषा नव्हती. गावाकडून आलेल्या, ‘न’ला ‘ण’ म्हणणाऱ्या एका मुलीशेजारी बसायचा प्रश्न होता. जी बसली तिचं तेच झालं.

दहावीत असताना एका मैत्रिणीनं मला शाळेतल्या पाण्याच्या नळांपाशी गाठून सांगितलं होतं, “तू सगळ्यांशी गोड बोलतेस, म्हणून मला तुझा भरवसा वाटत नाही.” नळाखाली ओंजळ धरलेली होती, ती तशीच गळून गेली. सिमेंटच्या त्या हौदाला शेवाळाचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास यायचा. अजूनही कुठे तसा वास आला की आधी ते वाक्य येतं, मग शाळा. आमच्यात भांडण झालं की कट्टी व्हायची, करंगळ्या लागायच्या, मधे एखादी निरोप्या असायची: तिला सांग मी तिच्याशी बोलत नाही, तिला सांग मला काही फरक पडत नाही. त्या सगळ्या नाटकाचे नियम ठरलेले होते आणि बट्टी कशी करायची तेही ठरलेलं होतं. हे नळापाशी बोलणं त्या नियमांत कुठेच बसत नव्हतं. ती रागावलेली नव्हती. तिनं शांतपणे, जरा विचार करून सांगितलं आणि ओळीत जाऊन उभी राहिली. निरोप समारंभाच्या वेळी फिरलेल्या माझ्या स्लॅमबुकात तीस-पस्तीस जणींनी ‘तू खूप गोड आहेस, अशीच राहा’ असं सुवासिक पेनांनी लिहिलंय. तिनं फक्त नाव आणि जन्मतारीख लिहिली. आज आम्ही दोघी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहोत. ती रोज सकाळी दवबिंदू पडलेल्या गुलाबाचं चित्र टाकते, मी हात जोडते.

तिचे आभार मानावेत असं मला वाटत नाही. बोलताना तिला थोडी मजा येत होती, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. तिचं म्हणणं खरं होतं, हेही तेव्हाच कळलं होतं. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं शेजारी शेजारी पडून आहेत आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही.

जपानी अ‍ॅनिमेतली ही शाळकरी मुलं मला का धरून ठेवतात, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा इथेच येऊन ठेपते. आपल्या कथा-कादंबऱ्यांत खरं बोललं की गाठ सुटते. नायिका अखेर मन मोकळं करते, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं, पाऊस पडतो. ‘अ सायलेंट व्हॉइस’मध्ये शोया पुलावर उभा राहून सगळ्यांना एकदाचं खरं सांगून टाकतो. सांगतो म्हणजे एकेकाला सोलतो. कावाईला म्हणतो तुला फक्त स्वतःची पडलीय, साहाराला म्हणतो तू पळपुटी, ज्याच्याशी नुकती कुठे गट्टी जमली त्या नागात्सुकालाही सोडत नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य बिनचूक लागतं. पाच मिनिटांत पूल रिकामा. उरतात शोको आणि युझुरु, म्हणजे ज्यांना त्यानं काही सुनावलं नाही त्या दोघीच. हे दृश्य पाहताना मला आपल्याकडची ती ‘मी स्पष्टवक्ता आहे हं’ म्हणणारी मंडळी आठवली. लग्नाच्या पंगतीत नेमकी आपल्याच शेजारी बसतात ती. शोयाचं खरं बोलणंही तसंच आहे, फक्त तो सतरा वर्षांचा आहे आणि आतून पार मोडलेला आहे. समोरच्यानं आपल्याला सोडून जावं म्हणूनही माणूस खरं बोलतो, हे मला त्या पुलावर दिसलं.

आणि याच सिनेमात शोको एकदा ठरवून, हातांनी खुणा न करता, स्वतःच्या आवाजात शोयाला आपल्या मनातलं सांगते. केवढं धाडस करून! तो भलतंच ऐकतो. त्याला वाटतं ती आकाशातल्या चंद्राबद्दल काहीतरी म्हणतेय. ती लाजून, वैतागून पळून जाते, आणि सिनेमा संपेपर्यंत त्याला ते कळलंय असं दिसत नाही. मी इथे मोठ्यानं हसले होते. भाची हसली नव्हती.

योशितोकी ओइमा यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१३-१४ मध्ये आली, सात खंडांत. त्या स्वतः, ही गोष्ट जिथे घडते त्या ओगाकीच्याच, कालव्यांच्या गावच्या, आणि त्यांची आई खुणांच्या भाषेची दुभाषी. याच गोष्टीचं आधीचं छोटं रूप बक्षीस मिळूनही बराच काळ छापायचं धाडस होत नव्हतं. कर्णबधिरांच्या संघटनेशी बोलून ते २०११ मध्ये छापलं गेलं. मला वाटतं, अडचण नुसत्या बहिरेपणाची नसणार. या गोष्टीत कुणालाच सरळ माफी मिळत नाही, ती छापायला जड जात असणार. नाओको यामादा यांनी क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओत २०१६ साली त्याचा सिनेमा केला तेव्हा बरंच कापलं, पण उएनोची धार कापली नाही. संगीतकार केन्सुके उशिओ यांनी पियानोच्या पोटात मायक्रोफोन ठेवून सुरांबरोबर आतल्या हातोड्यांची खडखडही टिपली. ती नीट ऐका. सूर गोड असतो आणि त्याच्या खाली लाकूड आपटत असतं.

माझी एक तक्रार मात्र आहे आणि ती बऱ्याच जणांची आहे. ही गोष्ट शोयाच्या डोळ्यांनी दिसते. ज्यांच्या नजरेला नजर देववत नाही त्या लोकांच्या तोंडांवर दिसणाऱ्या निळ्या फुल्या त्याच्या, खाली घातलेली मान त्याची, शेवटी फुल्या गळून पडतात तेही त्याच्यासाठी. शोकोला काय दिसतं, ती एकटी असताना कशी असते, हे फारच थोडं. तिचा राग लहानपणी एकदाच बाहेर येतो, शोयाशी ती झोंबाझोंबी करते तेव्हा. तेवढ्यावर भागवलंय. म्हणूनच भाचीला तिचं हसू खोटं वाटलं असेल. त्या हसण्यामागे तिला कुणी नेलंच नाही.

खरं बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते ‘वॉन्डरिंग सन’मध्ये. ताकाको शिमुरा यांच्या मांगावरून २०११ साली केलेली ही छोटी मालिका. पाण्यात रंग विरघळल्यासारखी फिकट चित्रं. शुइची निटोरी जन्मानं मुलगा, मनानं मुलगी. योशिनो ताकात्सुकीचं उलट. त्यांच्या वर्गातली एक बिनधास्त पोरगी मुलांचा गणवेश घालून शाळेत येते. पुढे योशिनोही येते. थोडी कुजबुज, थोडं ‘भारी दिसतेस’, संपलं. मग एके दिवशी निटोरीचं पाऊल मुलींच्या गणवेशात शाळेच्या फाटकातून आत पडतं. कपडे तेवढेच, शाळा तीच. पण आता हशा होतो, शिक्षक धावतात, घरी पाठवणी होते, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस वर्गापासून लांब जातात. मालिका यावर भाषण करत नाही. दोन्ही प्रसंग मांडते आणि पुढे जाते. आमच्या शाळेत मुलींना आठवीपासून पिनाफोर सोडून पंजाबी ड्रेस, ओढणीला तीन ठिकाणी पिना. एक मुलगी मधल्या सुट्टीत भावाची पँट चढवून कबड्डी खेळायची आणि खेळाच्या बाई तिला हौसेनं ‘आमचा वाघ’ म्हणायच्या. वर्गातला एक मुलगा गॅदरिंगच्या लावणीत नाचला. फार सुरेख नाचला. त्याचं नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही, दहावीपर्यंत टोपणनावच चाललं.

‘वॉन्डरिंग सन’ची पटकथा मारी ओकादा यांची. चिचिबूच्या डोंगराळ गावात वाढलेल्या या बाई शाळकरी वयात बराच काळ शाळेत गेल्या नव्हत्या, घरात बसून होत्या. त्याबद्दल त्यांनी स्वतः लिहिलंय. त्याच वर्षी त्यांनी ‘अनोहाना’ ही मालिका लिहिली, तीही चिचिबूतच घडते आणि तिचा नायक जिंताही शाळेत न जाता घरी बसलेला. लहानपणीची सहा जणांची टोळी, त्यातली मेन्मा दगावलेली, उरलेले पाच जण पांगलेले. ती परत येते ती फक्त जिंतालाच दिसते. तिला मुक्ती मिळावी म्हणून सगळे एकत्र जमतात, चिचिबूकडे सणाला उडवतात तसलं भलंमोठं अग्निबाण-रॉकेट तयार करतात, उडवतात. मेन्मा जात नाही. आणि त्या रात्री देवळाच्या आवारात एकेकाच्या तोंडून निघतं ते असं: तिला मुक्ती मिळावी म्हणून नव्हे, तर ती गेली की जिंता आपल्याकडे बघेल म्हणून मी हे केलं. ती जिंतालाच का दिसते याचा मत्सर वाटला म्हणून मी केलं. प्रत्येकाचा हेतू थोडा किडका. ते कबूल झाल्यावरच ती पाच जणं एकमेकांच्या तोंडाकडे बघू शकतात. शेवटच्या भागात इतकं रडणं आहे की मला मधे उठून पाणी प्यावंसं वाटलं. इतकं रडायला लावणं मला तरी लबाडी वाटते. पण देवळातला तो प्रसंग मला आपल्या दहाव्या-बाराव्याला भेटणाऱ्या भावंडांसारखा वाटला. गेलेल्या माणसाबद्दल बोलत असतात आणि जमिनीचा विषय मधेच येतो.

पण या सगळ्यांत मला आवडतो तो ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’. यामादांचाच, २०१८चा. इथे कुणी कुणाला छळत नाही, कुणी मरत नाही. उजी गावातल्या शाळेचं वाद्यवृंद पथक, त्यातल्या दोन मुली: ओबो हे सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारी मिझोरे आणि बासरी वाजवणारी नोझोमी. पहिल्या काही मिनिटांत एवढंच घडतं की मिझोरे शाळेच्या पायऱ्यांवर बसून वाट बघतेय. कुणाची तरी पावलं येतात, ती मान वर करत नाही. मग दुसरी पावलं येतात आणि ती उठते. नोझोमी पुढे, तिच्या केसांचा शेपटा डुलतोय. मिझोरे चार पावलं मागे. बुटांचा आवाज संगीतात मिसळलेला. यामादांना माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा पाय काढायला आवडतात असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. सोळा-सतराव्या वर्षी चेहरा सांभाळता येतो. पाय सांभाळत नाहीत. बाकाखाली एका पायानं दुसरा पाय घासणं, टाच उचलून पुन्हा टेकवणं, वळावं की नाही या विचारात बुटाचं टोक तिरकं होणं. भाची पाहुण्यांसमोर बसली की मी आता तिचे पाय बघते.

मिझोरेला नोझोमीशिवाय जगच नाही. नोझोमीला मैत्रिणी ढीगभर. पथकाला जी गोष्ट वाजवायची असते तिच्यात लिझ नावाची एकटी मुलगी आहे आणि तिच्याकडे मुलीचं रूप घेऊन आलेला निळा पक्षी. शेवटी लिझ त्याला आकाशात सोडून देते. आपण धरून चालतो की धरून ठेवणारी लिझ म्हणजे मिझोरे. ती स्वतःही तेच धरून चालते. मग एका शिक्षिकेच्या लक्षात येतं की मिझोरेचं वाजवणं वेगळ्याच उंचीचं आहे, तिला संगीताच्या कॉलेजचं विचारलं जातं, आणि नोझोमी, जिला कुणी विचारलेलं नाही, चटकन म्हणून जाते की मीही तिथेच जाणार. ते खोटं आहे असंही नाही, खरं आहे असंही नाही. तोंडातून निघून गेलंय. पुढे सरावात मिझोरे एकदाच, कुणासाठीही हात न आखडता, पूर्ण ताकदीनं वाजवते. सगळी खोली थांबते. बासरीचा सूर थरथरतो, मधेच तुटतो. नोझोमीच्या मांडीवर टपकन पाणी पडतं. पक्षी कोण आणि दार लावून बसलेली कोण, हे त्या क्षणी दोघींनाही कळतं.

त्यानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत, जिथे मिझोरे फुगा माशांना खाऊ घालते, ती नोझोमीला मिठी मारते आणि एकेक सांगत जाते: तुझ्या पावलांचा आवाज मला आवडतो, तुझं बोलणं, तुझे केस, तुझं सगळंच. सगळा सिनेमाभर जिच्या तोंडून धड पूर्ण वाक्य निघत नाही तिनं हे बोलायचं! आणि नोझोमी उत्तर देते: मला तुझा ओबो आवडतो.

एवढंच. मग ती हसत सुटते.

या दोघींचे चेहरे ज्यांनी घडवले ते फुतोशी निशिया. ‘अ सायलेंट व्हॉइस’मधली पात्रंही त्यांचीच, शोकोचं ते हसू, उएनोच्या भुवया, सगळं त्यांच्या हातचं. १८ जुलै २०१९ ला क्योटो अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओला आग लावण्यात आली, ३६ माणसं गेली, त्यांत तेही गेले. मला ही गोष्ट भाचीकडूनच कळली. तिनं त्यांचं नाव चित्रांच्या वहीच्या पहिल्या पानावर जपानीत लिहून ठेवलंय, आणि त्याखालची सगळी पानं हातांची आहेत. नुसते हात. चेहरे अजून जमत नाहीत म्हणते.

तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, ही सगळी ‘कार्टूनं’ वाटतात. बहिणीचंही अगदीच चुकत नाही. आमच्या डोळ्यांसमोरचं जपान म्हणजे डोरेमॉन आणि शिनचॅन, जेवताना लावायचं. या मुलांच्या गोष्टींत मोठी माणसं फारशी नसतातही; आईबाप कामावर, गच्ची मुलांसाठी उघडी, संध्याकाळ लांबलचक. आमच्या शाळेच्या गच्चीला किलोभर वजनाचं कुलूप होतं. पण यामादांचा २०२४ मधला ‘द कलर्स विदिन’ मी मुद्दाम बहिणीला शेजारी बसवून दाखवला, कारण त्यातली मुलं एकमेकांशी आधीच खरं बोलून मोकळी झालेली असतात. त्यांना भीती घरच्यांची आहे. किमीनं शाळा सोडलीय आणि ते आजीला सांगितलेलं नाही. रोज गणवेश घालून बाहेर पडते आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसते. रुई घरचा दवाखाना पुढे चालवणार हे ठरलेलं, आणि तो आईपासून लपवून संगीत करतोय. खलनायक कुणीच नाही. आजी प्रेमळ आहे, आई प्रेमळ आहे, आणि नेमकं म्हणूनच सांगता येत नाही. बहीण शेवटपर्यंत गप्प बसली आणि मग म्हणाली, “आजीला आधीच कळलं असणार. आम्हाला कळतं.” भाची त्यावर काही बोलली नाही, पण तिचा एक पाय दुसऱ्या पायाच्या अंगठ्यावर दाबलेला होता.

उएनोबद्दल आमचं अजून पटलेलं नाही. माझं म्हणणं, हॉस्पिटलबाहेर शोकोवर हात टाकणारी मुलगी कितीही खरी असो, मला ती घरात चालणार नाही. भाचीचं म्हणणं, तुला घरात फक्त कावाईच चालेल. अलीकडे वाद नोझोमीवर आलाय. तिच्या मते ‘मला तुझा ओबो आवडतो’ म्हणणं हा दुष्टपणा आहे. समोरची सगळं देऊन बसलीय आणि तू तिला एक वाद्य परत करतेस, तेही हेवा वाटत असलेलं. मी म्हटलं, उलट. मिझोरेनं सांगितलं ते प्रेम होतं, पण ते तिनं किती वर्षं घोकलेलं होतं. नोझोमीला त्याच मिनिटाला शोधावं लागलं. आपल्यापेक्षा जी मोठी झाली तिच्यातली नेमकी मोठी गोष्ट बोट ठेवून सांगणं, तेही पदरी काही उरलेलं नसताना, याहून खरं तिला काय बोलता आलं असतं? ‘तुझं सगळं आवडतं’ म्हणाली असती तर चालली असती का तुला?

भाचीनं जरा विचार केला. मग वहीतून मान वर न करता म्हणाली, “बरं, मग माझं काय आवडतं तुला, सांग.”

मी सुरुवात केली, तुझी चित्रं, तुझं ते…

“एकच,” ती म्हणाली. “आणि ‘तू गोड आहेस’ चालणार नाही.”